वाटाड्याचा चष्मा

मुलींचे वसतिगृह
९ ऑगस्ट

टेलरकाकांना,
सा. न. वि. वि.

गणवेशाच्या बाह्या आखूड झाल्या आहेत. हात वर केला की मनगटाच्या खूप खाली सरकतात आणि गणिताच्या बाई म्हणतात, "हात वर केलास की झेंडा?" मी आईला लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं की ज्यांनी शिवलाय त्यांनाच लिही, आता ते काही परके नाहीत. म्हणून लिहीत आहे. नवीन माप मैत्रिणीकडून घेतलं आहे, ते पत्राच्या मागे आहे.

दुसरं असं की आईने तुम्हाला माझ्या कादंबरीबद्दल सांगितलं हे मला कळलं. ते गुपित होतं. आता फुटलंच आहे तर नीट सांगते. लहान मुलांसाठी साहसाची कादंबरी आहे. एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ छोटू जंगलात अडकतात. डोंगरापलीकडे त्यांची आई वाट बघत असते, तिच्यापर्यंत त्यांना पोचायचं असतं. आमच्या भाषेच्या बाई दरवर्षी एका मुलीचं हस्तलिखित शाळेच्या ग्रंथालयात ठेवतात, पाठीवर क्रमांक चिकटवून, खऱ्या पुस्तकांच्या शेजारी. यंदा तिथे माझं हवं आहे. पहिली तीन प्रकरणं आईला पाठवली आहेत. ती तुम्हाला वाचून दाखवणार असेल तर दाखवू दे. मात्र अभिप्राय नको.

डिसेंबरच्या सुटीत मी घरी न येता आत्याकडे जाणार आहे. आईला कळवलं आहे. घर लहान आहे, आणि बाबांच्या बहिणीकडे माझं येणं-जाणं राहिलंच पाहिजे.

कळावे,
लेखिका


दुकान
१८ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बाह्यांची चूक माझी. मागच्या वर्षी, तुझ्या आईशी माझं लग्न ठरायच्याही आधी, तू दुकानात आली होतीस तेव्हाचंच माप धरून शिवलं. मुलं वाढतात हे रोज बघतो मी, पण घरातलं मूलही वाढतं हे ध्यानात आलं नाही. नवा शिवून पाठवतो. तोवर एक कर. वाढत्या मुलांच्या कपड्यात आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतो, त्याला माया म्हणतात. तुझ्या बाहीत चांगली दोन बोटं माया आहे. कडेचा टाका उसव, कापड सोड, ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरव आणि नवी कड दुमडून टाका घाल.

तिन्ही प्रकरणं आईने वाचून दाखवली. रुग्णालयातल्या कामावरून थेट येऊन बसली, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. अभिप्राय नको म्हणालीस म्हणून देत नाही. फक्त एक शंका आहे, ती विचारली तर चालेल ना?

तुझ्या गोष्टीतला तो वाटाड्या. गळ्यात दोरी अडकवून हिंडतो, गवताची काडी तोंडात धरून बोलतो म्हणून त्याचे अर्धे शब्द कुणाला कळत नाहीत, आणि तो झोपला की त्याच्या घोरण्याने झाडावरची पाखरं उडून जातात. इथे तुझी आई एवढी हसली की मला पाणी आणून द्यावं लागलं. "अहो, हे तर..." म्हणाली आणि थांबली. माझ्या गळ्यात टेप असते आणि तोंडात टाचण्या. असो.

तिसऱ्या प्रकरणात तो दरीत पडतो. पडू दे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काडेपेटी त्याच्या पिशवीत होती असं दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि पिशवी त्याच्या पाठीवर. मग आता ही मुलं आग कशी पेटवणार? थंडी पडायला लागली आहे, आणि छोटूला तर आधीच खोकला. मशीन चालवताना सारखं तेच मनात येतं.

आत्याकडे जाण्याचं आईने वाचलं. पत्राची घडी घातली, उघडली, परत घातली. मग म्हणाली, "दमली असेल पोरगी."

तुझा,
टेलरकाका


मुलींचे वसतिगृह
२९ ऑगस्ट

टेलरकाकांना,
सा. न. वि. वि.

तीन गोष्टी स्पष्ट करायच्या आहेत.

मला भिंगरी फक्त आई म्हणते. आणि बाबा म्हणायचे. तुम्ही म्हणू नये.

वाटाड्या म्हणजे तुम्ही नाही. लेखक कल्पनेतून माणसं तयार करतात, असं बाई म्हणतात. गळ्यात दोरी जगात पुष्कळांच्या असते.

आणि काडेपेटीचं मला माहीतच होतं. मुद्दामच केलं तसं. सगळं हाताशी असलं तर साहस कसलं? चौथं प्रकरण सोबत आहे. ताई दोन वाळक्या काटक्या एकमेकींवर घासते आणि आग पेटते. झालं.

बाही उसवली. बरोबर दोन बोटं निघाली. गणिताच्या बाई आता काही बोलत नाहीत, पण पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं की कोणी शिकवलं. मी म्हटलं, आमचे टेलर आहेत.

कळावे,
लेखिका


दुकान
११ सप्टेंबर

चि. लेखिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

मायना बदलला आहे, बघ जमतो का. चूकभूल माफ असावी.

चौथं प्रकरण ऐकलं. दीड ओळीत आग पेटली हे वाचून मला हुरूप आला. म्हटलं, एवढं सोपं असेल तर आपणही करून बघावं. रविवारी गच्चीवर गेलो. वाळक्या काटक्या घेतल्या आणि घासायला बसलो. काटक्या गुळगुळीत झाल्या, माझे तळहात सोलवटले, घाम फुटला. आग सोड, धूरसुद्धा नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर कपडे वाळत घालायला आले. बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "काय हो टेलर, गॅस संपला का?"

म्हटलं, "नाही, जंगलात आहे."

ते सावकाश खाली गेले. संध्याकाळी त्यांच्या मंडळींनी तुझ्या आईला जिन्यात गाठून माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

ताईला जमलं म्हणजे ती माझ्यापेक्षा हुशार, हे मान्य. पण ती मुलं दमलेली, उपाशी. त्यांच्या हातात माझ्याएवढाही जोर नसेल, असं वाटत राहिलं.

मग परवा एक गंमत झाली. दुकानाच्या दारात ऊन येतं तिथे बसून बटण लावत होतो. चष्मा पुसायला काढला, हातात धरला, तर खाली मांडीवरच्या कापडावर एक पांढरा ठिपका पडला. चष्मा वर-खाली केला की ठिपका लहान-मोठा व्हायचा. मी गिऱ्हाइकाची विजार बाजूला ठेवली, उगाच भोक पडायचं. चिंध्यांवर करून बघितलं. कोऱ्या चिंधीला काही होईना. पण इस्त्रीखाली करपून काळी पडलेली एक चिंधी होती, तिच्यावर ठिपका धरला आणि हात हलू दिला नाही, तर एक तांबडा किडा चालायला लागला. खरंच किड्यासारखाच चालतो तो विस्तव. वाळक्या गवतात धरून फुंकर घातली आणि पेटलं! मी दुकानात एकटाच होतो. देवाचं नाव घेतलं आणि पहिल्यांदा पाणी ओतलं. नाहीतर लोकांचे कपडे जायचे.

वय झालं की जवळचं दिसेनासं होतं, मग असा चष्मा लागतो. मला वाईट वाटायचं त्याचं. पण त्या विस्तवाकडे बघताना वाटलं, देवाच्या हिशेबात नुसता तोटा कुठेच नसावा.

पण आपल्या मुलांकडे चष्मा कुठला? वाटाड्याला होता का? गोष्टीत तसं कुठे लिहिलेलं नाही. होता असेल तर तोही दरीत.

आई बरी आहे. तुझ्या खाटेवरची चादर तिने धुऊन परत घातली. तू येणार नसलीस तरी.

तुझा,
टेलरकाका


मुलींचे वसतिगृह
२४ सप्टेंबर

टेलरकाकांना,
सा. न. वि. वि.

वाटाड्याला चष्मा होता! मी आधीच ठरवलं होतं, फक्त लिहायचं राहिलं होतं. तो पडला तेव्हा चष्मा कड्यावरच्या झुडपात अडकला. ताई पोटावर सरपटत जाऊन काढते आणि छोटू तिचे पाय धरून ठेवतो. हे प्रकरण फार चांगलं झालं आहे, मला लिहितानाच भीती वाटली. आणि करपलेल्या चिंधीचं मी शोधून काढलं. वाटाड्याने पहिल्या रात्री मशाल केली होती, तिच्या टोकाचं फडकं अर्धं जळून राहिलं होतं. ते ताईच्या खिशात असतं. काटक्यांची दीड ओळ खोडली.

पण अडचण आहे. बाई म्हणतात, जे स्वतः पाहिलं नाही ते लिहू नये, वाचणाऱ्याला लगेच कळतं. मी मैत्रिणीचा चष्मा घेऊन मैदानावर गेले होते. तिचा लांबचं न दिसण्याचा आहे. त्याने ऊन गोळाच होत नाही, उलट पसरतं. एक तास बसलो आणि फक्त आमची नाकं भाजली.

तुमच्याकडे एखादा जुना, पडून असलेला चष्मा असेल तर पाठवाल का? नसेल तर राहू द्या.

तुम्ही हेडमास्तरांना "जंगलात आहे" म्हणालात ते मी खोलीत वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या. एकीने विचारलं, हे तुझे कोण? मी म्हटलं, सांगते नंतर.

कळावे,
लेखिका


घर
३ ऑक्टोबर

चि. लेखिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

सोबत चष्मा पाठवत आहे. चिंध्यांमध्ये गुंडाळून डबीत घातला आहे, डबी परत नको. हा पडूनच होता, मला लागत नाही. त्याच डबीत करपलेली चिंधीही ठेवली आहे. आग पेटवशील तेव्हा शेजारी पाण्याची बादली असू दे आणि कुणीतरी मोठं माणूस असू दे. वारा असेल तर करू नकोस.

झुडपातून चष्मा काढण्याचं प्रकरण आईने वाचून दाखवलं. छोटूने पाय सोडले असते तर? मी दोनदा मध्येच "धर रे, धर" म्हणालो म्हणे. मला आठवत नाही.

आता एक विचार आला, तो अभिप्राय समजू नकोस. वाटाड्याचा चष्मा जर आग पेटवणारा असेल, तर तो माझ्यासारखाच असणार. म्हणजे चष्मा गेल्यावर त्याला जवळचं काही दिसत नसणार. हातातला काटा दिसणार नाही, पायाखालचा दगड धूसर. पण लांबचं? लांबचं त्याला स्वच्छ दिसत असणार. मला दुकानातून रस्त्याच्या टोकाला येणारी तुझी आई दिसते आणि तिच्या चालीवरून कळतं की आज रुग्णालयात कसा दिवस गेला. तसा तो दरीच्या तळाशी असेल, आणि वर कड्यावर मुलं असतील, तर त्याला ती दिसत असतील. धूर केला तर तोही दिसेल.

असेल तर. कादंबरी तुझी आहे.

सुटीबद्दल थोडं. डिसेंबरात दुकानात फार काम असतं. लग्नाचे कपडे, शाळांची स्नेहसंमेलनं. त्यामुळे तो महिनाभर मी दुकानातच झोपणार आहे. सोय आहे तिथे. मशीन खिडकीतून हलवलं आहे, तिथे तुझं टेबल पूर्वीसारखं लावून ठेवलं आहे. खाटही पूर्वीच्याच जागी. घरात आई एकटीच असेल. म्हणजे घर लहान राहणार नाही. आत्याकडे जायचं असेल तर अवश्य जा, त्यांचाही हक्क आहे. नुसतं माहिती असावं म्हणून लिहिलं.

तुझा,
टेलरकाका


मुलींचे वसतिगृह
१६ ऑक्टोबर

टेलरकाकांना,
सा. न. वि. वि.

पेटली! मैदानाच्या कोपऱ्यात, बादली घेऊन, स्वयंपाकघरातल्या मावशींना उभं करून. तांबडा किडा अगदी तुम्ही म्हणालात तसाच चालतो. फुंकर घालताना माझी भुवई थोडी जळली. अधीक्षकबाईंनी धूर बघितला आणि सगळं वसतिगृह गोळा केलं. मावशींनाही बोलणी बसली. त्या म्हणाल्या, "अहो बाई, पुस्तकासाठी आहे ते!" शिक्षा म्हणून आठवडाभर मला व्हरांडा झाडायचा आहे. पण आता मला माहीत आहे की पहिला धूर डोळ्यात जातो आणि तरीही डोळे मिटता येत नाहीत. हे काटक्यांच्या दीड ओळीत नव्हतं.

सुटीचं वाचलं. मी आत्याला हो म्हटलं आहे.

आणि वाटाड्याचं. तो मेला. तुम्ही त्याला परत आणायला बघताय, पण ते होणार नाही. मेलेलं माणूस गोष्टीत परत येतं तेव्हा मला फार राग येतो. ती लबाडी असते. बाबा आजारी होते तेव्हा आई रोज म्हणायची, बरे होतील. मी रोज दारात बसायचे. ते आले नाहीत. मग वाटाड्याने का यावं? तो काय त्यांच्यापेक्षा मोठा आहे?

मुलं एकटी जातील. त्यांना जमेल.

कळावे,
लेखिका


घर
२७ ऑक्टोबर

चि. लेखिकाबाईंस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मोठं आणि ओळी वाकड्या आल्या आहेत, सांभाळून घे. घरातला दिवा मंद झाला आहे.

तुझं पत्र आईने वाचलं आणि पुढचं वाचायला माझ्याकडे दिलं, मग परत घेतलं आणि तिनेच पूर्ण केलं.

तुझा राग बरोबर आहे. गेलेलं माणूस परत येत नाही. माझी आई गेली तेव्हा मी तुझ्याहून लहान होतो, गावच्या शाळेत दुसरीत. देवाला रोज विचारायचो. देवाने कधी उत्तर दिलं नाही, पण विचारू नकोस असंही म्हटलं नाही. म्हणून अजून हात जोडतो.

तुझ्या बाबांचे शर्ट मी शिवायचो, हे तुला ठाऊक नसेल. त्यांचा डावा खांदा किंचित उतरता होता. तयार शर्ट कधी बसायचा नाही त्यांना. मी डावीकडे आतून एक पट्टी घालायचो, की बाहेरून दोन्ही खांदे सारखे दिसायचे. एकदा म्हणाले, "टेलर, हे गुपित आपल्या दोघांतच हं. पोरीला वाटतं तिचा बाप सरळ आहे." आणि मोठ्याने हसले. तेव्हा तू त्यांच्या कडेवर होतीस. उजव्या. त्यांच्या जागी कुणी उभं राहावं असा तो खांदाच नाही, हे मला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वाटाड्याला तर नक्कीच ठाऊक असणार. तो काही मुलांचा बाप नव्हे. त्याला वाट माहीत आहे, एवढंच. तीही अर्धीच, नाहीतर दरीत पडला नसता.

तेव्हा तो मेला असेल तर मेला. मी पुन्हा काढणार नाही. फक्त एक सांगून ठेवतो. तिसरं प्रकरण मी आईकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. तिथे तू लिहिलं आहेस, "वाटाड्याचा पाय घसरला आणि तो दिसेनासा झाला." एवढंच आहे. तो मेला असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

व्हरांडा झाडताना ओला कचरा आधी सुकू दे, मग झाडू फिरव.

तुझा,
टेलरकाका


घर
१५ नोव्हेंबर

चि. भिंगरी,
खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन किती दिवस झाले! अभ्यास आहे, कादंबरी आहे, मला कळतं. काका रोज टपालवाल्याच्या वेळेला दुकानाच्या पायरीवर उभे असतात. विचारलं तर म्हणतात, "ऊन खातोय." परवा आभाळ भरलेलं होतं तरी ऊन खात होते.

मी तुला घरी ये म्हणणार नाही. तू शब्द दिला आहेस, तर आत्याकडे जा. पण दोन गोष्टी तुला ठाऊक असाव्यात, कारण हे गृहस्थ स्वतः कधी सांगायचे नाहीत.

तुला पाठवला तो चष्मा जुना नव्हता. त्यांच्याकडे तो एकच होता. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे, तयार चष्म्याने डोकं दुखतं. नवा करून घ्या म्हटलं तर म्हणतात, "लेखिकाबाईंचं काम झालं की येईलच की तो." तोवर मी कामावर जाण्याआधी सगळ्या सुयांमध्ये दोरे ओवून ठेवते. संपले की त्यांचं हातकाम बंद. मागच्या आठवड्यात एका कारकुनाच्या शर्टाला खिसा आतल्या बाजूने लावून दिला. तो बिचारा म्हणाला, "टेलर, आता पाकीटमारांची पंचाईत झाली," आणि तसाच घेऊन गेला. घरातला दिवा मंद झालेला नाही. चांगला लख्ख आहे.

दुसरं. डिसेंबरात दुकानात कसलंही जास्तीचं काम नसतं. उलट हातावर हात असतो. ते दुकानात झोपणार आहेत ते तू घरी यावंस म्हणून. मला बोलले नाहीत. एके दिवशी काखोटीला नवी चटई मारून आले, तेव्हा मला वाटलं आमच्यात काही बिनसलं. मी भांडले सुद्धा. तेव्हा म्हणाले, "अगं, घर तिचं आधीपासूनचं आहे. मी मागून आलो. महिनाभर मी बाहेर राहिलो तर बिघडलं काय? दुकानात पाखरं नाहीत, कुणी उडून जाणार नाही."

मग मला हसू आलं आणि रडूही आलं.

तुझ्या बाबांच्या आजारात मी तुला रोज बरे होतील म्हणायचे. तेव्हा मलाही तसंच वाटायचं. पण आता जे खरं आहे ते तुला खरंच सांगायचं, असं ठरवलं आहे. म्हणून हे पत्र.

भुवई आली का परत?

तुझी,
आई


मुलींचे वसतिगृह
२८ नोव्हेंबर

टेलरकाका,
सा. न. वि. वि.

कादंबरी संपली.

मी इतके दिवस लिहिलं नाही, कारण शेवटचं प्रकरण चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. पहिल्या तिन्ही वेळा मुलं एकटीच डोंगर ओलांडतात. जमतं त्यांना. पण प्रत्येक वेळी छोटू मागे वळून दरीकडे बघतो. मी त्याला बघू नको असं लिहिलं तरी बघतो. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "पात्रं ऐकेनाशी झाली म्हणजे ती जिवंत झाली, आता तूच त्यांचं ऐक." चौथ्यांदा वाटाड्याचं प्रेत सापडतं असं लिहिलं, तर मला जेवण गेलं नाही. मैत्रीण म्हणाली, "अगं, तूच मारतेस आणि तूच सुतक धरतेस!"

मग आईचं पत्र आलं. त्यात काय होतं ते तुम्हाला सांगणार नाही. त्यानंतर एका बैठकीत लिहून झालं. आईला प्रत पाठवायला वेळ नाही, म्हणून इथेच सांगते.

मुलं कड्याच्या टोकाला पोचतात. धुकं असतं, पुढची वाट दिसत नाही. छोटूचा खोकला वाढलेला असतो. ताई चष्मा काढते. ऊन दुपारी थोडाच वेळ येतं, तेवढ्यात तिला ठिपका धरायचा असतो. ठिपका सारखा हलतो म्हणून छोटू तिचं मनगट धरतो. तांबडा किडा चालतो. मग त्यावर ओला पाला टाकून धूर करतात.

दरीच्या तळाशी वाटाड्या असतो. त्याचा पाय मुरगळलेला असतो. काडेपेटी भिजलेली. हातात काटे रुतलेले असतात, पण ते त्याला दिसत नाहीत, म्हणून काढता येत नाहीत. इतके दिवस तो पाणी पिऊन आणि कंदमुळं खाऊन रांगत रांगत वर यायची धडपड करत असतो. त्याला मुलं रोज दिसायची. लहान, मुंगीएवढी, पण स्पष्ट. तो हाका मारायचा. पण त्याच्या तोंडात गवताची काडी असायची ना, म्हणून मुलांना वाटायचं की वारा आहे.

धूर बघून तो काडी थुंकून टाकतो आणि मोठ्याने ओरडतो. या वेळी सगळे शब्द कळतात.

मुलं वरून दोरी सोडू शकत नाहीत, कारण दोरी त्याच्याच गळ्यात आहे. छोटू वेली बांधतो. तो वर येतो तेव्हा ताई त्याला मिठी वगैरे मारत नाही. ती त्याच्या हातातले काटे काढते, एकेक करून. मग चष्मा देते. तो चष्मा घालतो आणि पहिल्यांदा तिच्याकडे जवळून बघतो आणि म्हणतो, "उंच झालीस." बस, एवढंच. मग चालायला लागतात. त्याचा पाय दुखत असतो म्हणून छोटू त्याला पायाखालचे दगड दाखवतो, आणि तो मुलांना लांबची खिंड दाखवतो. खिंडीतून एक बाई चालत येत असते. तो तिच्या चालीवरून ओळखतो.

ही लबाडी नाही. मी पुन्हा तपासलं. तो पडला होता, दिसेनासा झाला होता. मेला नव्हता. मला वाटलं होतं की मी तसं लिहिलंय.

बाईंनी वाचलं. ग्रंथालयातल्या कपाटाची किल्ली दाखवली आणि म्हणाल्या, पानं नीट बांधून आण. म्हणून पानं शिवायचं काम तुमच्याकडे आहे. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला मी दोन बोटं माया सोडली आहे. जाड दोरा वापरा. मधल्या पानात खिसा लावू नका.

आत्याला मी पत्र लिहिलं. तिच्याकडे सुटीच्या शेवटी चार दिवस जाईन. आत्या म्हणते, बाबांच्या शर्टातल्या पट्टीचं तिला ठाऊक होतं, लहानपणी झाडावरून पडले होते ते. तिलाही त्यांनी गुपित ठेवायला सांगितलं होतं. म्हणजे त्यांनी ते किती जणांना सांगितलं होतं, देव जाणे. मी खूप हसले. बाबांबद्दल असं हसायला कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं.

मी बारा तारखेच्या दुपारच्या गाडीने येते आहे. घरी. तुम्ही दुकानात झोपायचं नाही. चटई आणलीच आहे तर आपण गच्चीवर टाकू आणि मोकळ्यावर झोपून बघू. पुढच्या कादंबरीत मला ते लागणार आहे. तुम्ही घोरता ते आईने लिहिलं आहे, आणि त्याआधी मीही लिहिलं आहे. हरकत नाही. जंगलात माणसाचा आवाज असलेला बरा. हेडमास्तरांना आधी सांगून ठेवा.

टेबल खिडकीत लावलं आहे म्हणालात. मशीनही तिथेच आणा. थोडं सरकवलं तर दोन्ही मावतात, मी वहीच्या कागदावर नकाशा काढून बघितला. मला लिहिताना कुणीतरी बाजूला काम करत असलं तर बरं वाटेल. फक्त टाचण्या तोंडात धरून बोलायचं नाही.

चष्मा टपालाने पाठवत नाही. वाटेत फुटायचा. मीच घेऊन येते. तोवर आईने ओवलेल्या सुया जपून वापरा.

गाडीवर तुम्ही या. गर्दी असेल, पण तुम्हाला लांबचं दिसतं. मी तुम्ही पाठवलेल्या नव्या गणवेशात असेन. बाह्या आता बरोबर आहेत.

तुमची,
भिंगरी